चालतो ना नीट?

प्रिय ताई,

हा शब्द वयाच्या बहात्तराव्या वर्षी पहिल्यांदा लिहितोय, म्हणून अक्षर जरा नाचतंय. आमच्या घरात मी दत्तक आलेला, पण थोरला. धाकट्यांवर डोळे वटारण्यातच जन्म गेला. आता माझ्यावर डोळे वटारणारं कुणीतरी सापडलंय, या आनंदाला काय म्हणू?

दत्तकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयातल्या बाईंनी माझ्या कागदांत तुझं नाव वाचलं, पण मला सांगितलं नाही. म्हणाल्या, "आधी तुमच्या बहिणीला विचारते. त्या नको म्हणाल्या, तर विषय संपला." तेव्हापासून मी शाळेतल्या कविता पुटपुटत घरभर येरझाऱ्या घालत होतो. बायको म्हणाली, "अहो, बसा जरा. मला गरगरायला लागलंय."

आज बाईंचा फोन आला. सगळं ऐकून तू म्हणे एवढंच विचारलंस, "त्याला नेलं तेव्हा नुसता रांगत होता हो. आता चालतो ना नीट?"

बाईंना हसू आवरेना. मी तुझा पत्ता उतरवून घेतला आणि म्हटलं, "उद्या येतोय. तिला खिडकीत उभं राहायला सांगा."

पत्र टाकलं तर माझ्या मागून पोहोचेल, म्हणून ते खिशातच राहील. बायको काठी ने म्हणून मागे लागली आहे. नेणार नाही. गुडघे काय म्हणायचं ते म्हणोत, कोपऱ्यापासून तुझ्या दारापर्यंत मी चालत येणार आहे.

तुझा,
भाऊ