केसाएवढा फरक

घाटकोपर,
१२ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. रुक्मिणीताईस,
धाकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावोजींच्या पायाचं प्लास्टर निघालं हे वाचून बरं वाटलं. पण ते आता गाडीला हात लावणार नाहीत, घाटात आपल्याच हातून गिअर चुकला म्हणतात, हे वाचल्यापासून गॅरेजात माझं चित्त नाही.

ताई, गिअर त्यांच्या हातून चुकला नाही. त्यांच्या जुन्या डॉजला मी टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं, गिअरबॉक्स डॉजचाच ठेवला. दोन्ही एकमेकांची नव्हेत, म्हणून मध्ये लोखंडी प्लेट कातून घेतली. तिच्यावर दोन्ही अगदी एका रेषेत यावी लागतात. माप घ्यायचं डायल लावून पाहिलं तर फरक होता, केसाएवढा. प्लेट पुन्हा कातायला दोन दिवस गेले असते, आणि रविवारी मित्रांबरोबर मनोरीला जायचं ठरलं होतं. चलता है म्हणून बोल्ट आवळले. असा फरक राहिला की गिअर आपोआप सुटतो. फोंडा घाटाच्या उतारावर तेच झालं.

हॉस्पिटलात भावोजींनी माझीच माफी मागितली, तुझं काम मी मातीत घातलं म्हणाले. मी नुसती मान हलवली. तीन महिने गप्प आहे. हे त्यांना वाचून दाखव. माया उरली असेल तर दोन ओळी लिही.

तुझा
धाकू

कणकवली,
२१ फेब्रुवारी १९८४

चि. धाकूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. पायाबद्दल यांनी अवाक्षर काढलं नाही. तीन महिने मला माझ्याच हाताची लाज वाटायला लावली, एवढंच म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या माणिकची जीप मागून घेतली, मला बाजूला बसवलं नि नदीपर्यंत जाऊन आले. येताना चढावर शीळ घालत होते. मी पदर डोळ्याला लावून बसले होते.

राग त्यांना आहे, मलाही आहे. मनोरीचं वाचून जास्तच आला. तरी लिहिलंस ते बरं केलंस.

गाडी तुझ्याकडेच पाठवणार म्हणतात. दुसऱ्या मिस्त्रीला चूक शोधावी लागेल, धाकूला ती ठाऊक आहे म्हणतात. सोमवारच्या एसटीने स्वतः निघतायत. पत्रातलं सगळं त्यांना पुन्हा तोंडाने सांग. मी मुद्दामच सोबत येत नाही. मी असले तर तू माझ्याआड लपशील.

वेळेवर जेवत जा. माया कुठे जात नाही.

तुझी
ताई