पाण्याविना अठरा मैल

रविवार, ३ डिसेंबर १९६१

सीटची दांडी हलत नाही! सकाळपासून रॉकेल सोडून पाहिले, पान्याने पिळून पाहिली, लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारून पाहिला. ढिम्म! कारण मात्र उघड आहे. सांगाडा ॲल्युमिनियमचा, दांडी लोखंडाची. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून, मध्ये पावसाळ्याची ओल. त्यातून जी पांढरी भुकटी तयार होते तिने दोघांना जखडून टाकले आहे. वर्गात हे सांगताना मला केवढा आनंद होतो. आज मात्र घाम फुटला.

धरणाच्या पाहणीला आलेल्या कोणा परदेशी इंजिनियराने ही सायकल मागे टाकली. शाळेच्या पडवीत ती धूळ खात होती. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, तुम्हीच न्या." आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतात, म्हणून आळीत तिचे नाव लगेच पडले—जर्मलची सायकल. टायर रुंद, हँडल बैलाच्या शिंगांसारखे मागे वळलेले, आणि मधली नळी खाली वाकवलेली, त्यामुळे पाय उंच न उचलता बसता येते. हे शेवटचे महत्त्वाचे. बाबांचा डावा गुडघा गाडीखाली सापडल्यापासून पुरता वाकत नाही.

सायकल बाबांसाठी आहे. त्यांना पंचफुलेला पाहून यायचे आहे.

मंगळवार, ५ डिसेंबर

निघाली!! उकळते पाणी बाहेरच्या नळीवर धारेने ओतत गेलो. उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणजे बाहेरची नळी सैल होणार आणि आतली दांडी मागेच राहणार! तिसऱ्या घागरीला 'कर्र' असा आवाज झाला. मी ओरडलोच. आई चुलीपासून धावत आली—"भाजलं काय रे?"

"नाही आई, प्रसरण पावलं!"

"मंग ओरडतो काऊन?"

शुक्रवार, ८ डिसेंबर

आज बाजार होता. पंचफुला आजही आली नाही.

माझी ही धाकटी बहीण. लग्नाला बारा वर्षे झाली, मूल नाही. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून बारा वर्षांत बाबांनी पिंपळखुट्याला तिच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही, आईने तिचा उंबरा पाहिलेला नाही. भेटी होतात त्या मोताळ्याच्या बाजारात—बाबा चिंचेखाली पोते अंथरून बसतात, ती भाजी विकून तिथे येते, आईने दिलेली भाकर खाते. दिवाळीला तिला माहेरी धाडले नाही. भाऊबीजेला मी गेलो तर तिने ओवाळले, हसून म्हणाली, "बरी हाव मी." त्यानंतर ती बाजारातही दिसली नाही. तिचा नवरा गुलाबराव एकटाच येतो. आज बाबांनी त्याला गाठले.

"पंचफुला काऊन नाई आली?"

"काम हाये जी घरी," एवढे म्हणून तो बैल पाहायला निघून गेला.

बाबांना खरे सांगितले ते त्याच गावच्या तानाबाईने. वांगी मोजता मोजता म्हणाली, "कारभारीदादा, तुमच्या ईहीनबाईनं संग्रामपुराकडची पोरगी पाहून ठेवली. म्हनते, अष्टग्रही टळली की लेकाचं दुसरं लगन लावतो. तुमच्या पोरीले घराबाहेर निघू देत नाई." विहीण म्हणजे जनकाबाई, गुलाबरावाची आई. फेब्रुवारीत आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून सगळीकडे जप चालू आहेत. मुलांना मी फळ्यावर ग्रहांच्या कक्षा काढून दाखवतो, काही होणार नाही म्हणून सांगतो. आमच्या घराचा हिशेब मात्र त्याच तारखेला येऊन अडकला आहे!

मी म्हटले, "कायद्याने दुसरे लग्न करता येत नाही आता."

बाबा म्हणाले, "कायदा बुलडाण्याले ऱ्हायते. माही पोरगी पिंपळखुट्याले ऱ्हायते."

रविवार, १० डिसेंबर

सायकलच का? विचार नीट मांडून ठेवतो. उद्या मलाच शंका यायला नको.

पिंपळखुटा नऊ मैल. त्या वाटेला मोटार नाही. पायी जाणे गुडघ्यामुळे अशक्य. बैलगाडीने गेले तर मुक्काम पडतो, आणि मुक्काम म्हटला की जेवण आले. शिवाय बैल! बाबांचे म्हणणे असे की आपण उपाशी राहू, पण बैलांनी लेकीच्या घरचा कडबा खाल्ला तर तेही खाल्ल्यासारखेच. मी हसलो, ते हसले नाहीत. मी सोबत जाऊन त्यांना मागे बसवून नेतो म्हटले, तर म्हणाले, "तू मास्तर. तू असला की ते चांगलं बोलतात. मले एकट्याले पाहू दे."

म्हणून सकाळी निघून, लेकीला भेटून, दिवस मावळायच्या आत परत—अठरा मैल, मध्ये अन्न नाही, पाणी नाही. हे फक्त हिवाळ्यात शक्य आहे. उन्हाळ्यात माणूस वाटेतच सुकेल, पावसाळ्यात काळ्या मातीत चाक फिरणार नाही. थंड हवेत घाम कमी जातो, तहान कमी लागते. साधे शरीरशास्त्र आहे.

मी उत्साहाने सांगितले की नळीला कडे बसवून फिरकीचा तांब्या अडकवून देतो—घरचे पाणी बरोबर! बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "पोरीच्या ओट्यावर बसून घरचं पानी पिऊ? लोकं काय म्हनतीन? तिच्या घरात इख हाये काय?"

 तांब्या रद्द.

शुक्रवार, १५ डिसेंबर

आजचे काम सुंदर झाले! डाव्या पायाचा प्रश्न. पॅडल म्हणजे एका वर्तुळावर फिरणारा बिंदू. त्या वर्तुळाची त्रिज्या म्हणजे क्रँकची लांबी. त्रिज्या जितकी मोठी तितका पाय वर येतो आणि गुडघा जास्त वाकतो. मग त्रिज्याच कमी करायची! लोहाराकडून डाव्या क्रँकला आतल्या बाजूला नवे भोक पाडून घेतले, पॅडल तिथे बसवले. आता डावा पाय लहान वर्तुळात फिरेल, उजवा मोठ्या वर्तुळात. जोर उजव्याने लावायचा, डाव्याने फक्त साथ द्यायची.

बाबांनी ओट्यावर बसून, पाय हवेत फिरवून पाहिला. "म्हंजे लंगडी सायकल," म्हणाले. "हाव. जमते."

रविवार, १७ डिसेंबर

अनर्थ! सकाळी उठून पाहतो तर सांगाडा आरशासारखा लखलखतो आहे. आई पदराला हात पुसत उभी. "तुया सायकलीले चिंच लावली. जर्मलचं भांडं असंच निघते." मी घाबरून सगळे सांधे तपासले—आम्ल आत शिरले असेल तर? पाण्याने धुतले, पुसले, तेल लावले. सुदैवाने चिंच वरच्यावरच होती. आईला आम्लाचा परिणाम समजावून सांगू लागलो.

"लेकीच्या दारी चालली ते," आई म्हणाली. "काळी कशी पाठवू?"

मी तेलाचा बोळा पुन्हा एकदा सांगाड्यावरून फिरवला.

शनिवार, २३ डिसेंबर

जुने टायर पडवीत कुजले होते; तसेच रुंद टायर मलकापुरात मिळाले नाहीत. खामगावच्या दुकानदाराने मुंबईहून मागवून दिले. रुंदच का हवेत? पावसाळ्यात गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आता वाळून दगड झाल्या आहेत. अरुंद चाक त्यांत सापडले की हँडल वळत नाही आणि माणूस आडवा होतो. रुंद चाक चाकोरीत उतरतच नाही, दोन्ही कडांवरून जाते.

राहिला काटा. या दिवसांत कुंपणाच्या बाभळी तोडून गाड्या भरतात, आणि वाटभर काटे सांडतात. काटा पहिल्या फेऱ्यात टायरमध्ये फक्त टोक रुतवतो. पुढच्या फेऱ्यांत जमीन त्याला ठोकून ठोकून आत घालते! म्हणजे पहिल्या फेऱ्यातच तो झटकला पाहिजे. मडगार्डला आडवी बारीक साखळी बांधली, ती टायरला हलकी घासत राहते. आतून ट्यूबभोवती जुन्या टायरची पट्टी. अंगणात मुद्दाम बाभळीची फांदी टाकून तीवरून सायकल नेली. काटे साखळीने टिपटिप उडवले. एकटाच टाळ्या वाजवत होतो.

रविवार, ३१ डिसेंबर

बाबा तरुणपणी जिनिंगमध्ये निरोप्या होते, तेव्हा सायकल चालवीत. अंग विसरत नाही म्हणतात. अंग विसरले होते. शाळेच्या मैदानावर पहाटे दोनदा पडले. शेजारचे हिंमतराव दातण चावत कुंपणाशी उभे.

"काय कारभारीभाऊ, सातपुडा चढता काय?"

"चढतो. तू येतो काय मागं बसाले?"

"ना बाबा! मले अष्टग्रहीपर्यंत तरी जगू दे."

तिसऱ्या वेळी बाबांनी मैदानाला पूर्ण फेरी मारली. कानाला मफलर, धोतर खोचलेले, डावा पाय लहान वर्तुळात, उजवा मोठ्या. हिंमतरावांच्या तोंडातले दातण तसेच राहिले.

रविवार, ७ जानेवारी १९६२

आज नळगंगेपर्यंत जाऊन परत. मी मागून शाळेच्या सायकलवर. नदीच्या वाळूत उतरून हातात धरून न्यावी लागते. तिथे ॲल्युमिनियमचे खरे मोल कळले. बाबांनी एका हाताने उचलून दगड ओलांडले. लोखंडी असती तर तिथेच बसले असते. हबमधले घट्ट ग्रीस पहाटेच्या थंडीत आणखी घट्ट होत होते, म्हणून काल ते काढून पातळ तेल घातले होते. चाक आता बोटाने फिरते.

घरी आल्यावर ओठ कोरडे होते. आईने तांब्या पुढे केला. "नको," म्हणाले. "सवय लावून राह्यलो."

शुक्रवार, १२ जानेवारी

उद्या भोगी. उद्याच जाणार. आईने तीळ, गूळ, बोरे, हरभऱ्याचे घाटे, एक खण असे गाठोडे बांधले आहे—लेकीला द्यायचे, तिचे घ्यायचे नाही. मी प्रत्येक नट पुन्हा आवळला. ॲल्युमिनियममध्ये जास्त आवळले तर आटे झिजतात, म्हणून बेताने.

"तिथे काय बोलणार?" मी विचारले.

"आधी पाहीन," बाबा म्हणाले. "तिच्या अंगावर मांस हाये का नाई ते. मंग बोलन."

आणि जनकाबाईंनी ऐकलेच नाही तर? 

शनिवार, १३ जानेवारी

पहाटे निघाले. धुके होते. साखळीचा टायरवरचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

शाळेत लक्ष नव्हते. तरफेचे प्रकार शिकवताना फळ्यावर क्रँक काढून बसलो.

दिवस मावळला. आले नाहीत. दिवे लागले. आले नाहीत. काय बिघडले असेल? काटा? पट्टी आहे. चेन? नवी आहे. सीटची दांडी? ती मी स्वतः ग्रीस लावून बसवली. क्रँकचे नवे भोक?—लोखंड तिथे थोडे पातळ आहे, हे मला ठाऊक होते. बारा तासांत पाणी नाही. वय अडुसष्ट. सकाळी हिंमतरावांची गाडी जुंपून निघायचे ठरवले. आई भोगीची भाकर टोपलीत झाकून बसली आहे, अजून जेवली नाही.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत

गाडी जुंपत असतानाच बाबा वळणावर दिसले. सायकलवर, हळूहळू. एक नट सैल नाही.

आईने पाणी पुढे केले, तर म्हणाले, "पिऊन आलो." आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मग ओट्यावर बसून सांगितले: "पोरगी काडी झाली. म्या सोप्यात बसलो. ताटं वाढली. ईहीनबाई माह्याकडं बोट करून म्हनल्या, 'इवाई कशाचे जेवतीन? अंगनात लेकरू हाये काय खेळाले?' गल्लीतल्या बायाईच्या पुढं म्हनल्या. पंचफुला चुलीपाशी उभी होती. मंग म्या हात धुतले. पाटावर बसलो. पंचफुलेले म्हनलं, वाढ माय, हे माह्या लेकीचं घर हाये. पंचफुलेनं भाकर वाढली. घडीभरानं गुलाबराव आला, माह्या बाजूच्या पाटावर बसला. मायले म्हने, 'संग्रामपूरवाल्याईले निरोप धाडजो. नाई म्हना.' मंग पोरीनं रातचं जाऊ देलं नाई."

आई उठली. मग सायकलीपाशी गेली, मागचे कॅरिअर हाताने दाबून पाहिले.

"याच्यावर उशी बांधता येईन काय रे?" तिने मला विचारले.