पाठभिंतीला खिडकी पाडू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, मॅट्रिक पास, व्यवसाय घरकाम, देवाला साक्षी ठेवून व डोके ठिकाणावर असताना हे स्वहस्ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. तो खास जिल्हा कौन्सिलच्या अध्यक्षांसाठी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरासाठी.

१. यजमानांनी माझ्या नावे केलेले राहते घर माझ्या मुलीला द्यावे. नवऱ्याने टाकल्यापासून ती पुढच्या खोलीत शिवणकाम करते. तिला दुसरे छप्पर नाही. भावजींना मात्र या घराचे ‘किनारा वारसा दालन’ करायचे आहे.

२. त्यांना वारसा किती कळतो, तेही नोंदवते. आमच्या जिल्ह्याला एकीकडे खाडी, दुसरीकडे समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. जुनी घरे सगळी समुद्राकडे पाठ करून बसलेली, पाठभिंतीला एक भोक नाही. भावजींनी कौन्सिलची इमारत समुद्राकडे तोंड करून बांधली, तीही काचेची. पहिल्याच वादळात काचा फुटल्या आणि जिल्ह्याच्या नकाशांचा लगदा झाला. तरी माहितीपत्रकात छापलेच, ‘दर्यावर प्रेम करणारी माणसे’. प्रेम कसले डोंबलाचे? भावजींचे स्वतःचे वडील त्या दर्यात गेले. इथली माणसे त्याला ओळखून असतात, इतकेच.

३. गेल्या महिन्यात भावजी गवंडी घेऊन दारात आले. म्हणाले, “वहिनी, मागे एवढा समुद्र, आणि तुमच्या घराला त्याचं तोंडही दिसू नये?”

मी म्हटले, “भावजी, त्यालाही आपलं दिसत नाही, म्हणून घर उभं आहे.”

गवंडी हसला आणि छिन्नी पिशवीत टाकून चालता झाला.

४. बँकेतली ठेव मुलीला. त्यातला दहावा भाग देवाच्या कामाला, पण पाटीवर माझे नाव नको. पाट्यांची हौस घराण्यात एकालाच पुरे.

५. भावजींना जुन्या चादरींच्या फडक्यांचे गाठोडे द्यावे. काचांखालचे पाणी टिपायला होईल. परत करण्याची गरज नाही.

६. घर कौन्सिलला विकू, भाड्याने किंवा बक्षीस देऊ नये. मुलगी लहानपणापासून खिडकीसाठी रुसते. तिला समुद्र पाहायचा झाला तर गच्चीवर जावे. टाकीमागे माझे स्टूल आहे. रोजचा जप मी तिथेच बसून केला, त्याच्याकडे तोंड करून.

सही
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. वरील गवंडी, पाठभिंत शाबूत असल्याचे पाहून
ठिकाण : राहते घर, पुढची खोली
ता. ७ जानेवारी २०१९