थांबतानाच का?

हुबळी

अप्पा, सप्रेम जयभीम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतंय.

आमच्या रायापूरच्या कारखान्यात एक मोठा पंखा आहे. त्याच्या मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह रोज ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, आणि तोही पंखा बंद करतानाच! चालताना काही नाही. मला चैन पडेना. शेवटी कळलं. जड पंखा फिरतच राहतो, मग मोटरच वीज तयार करून उलटी ड्राइव्हमध्ये ढकलते. एकदम थांबवलं की व्होल्टेज चढतं. थांबायचा वेळ वाढवला आणि ट्रिपिंग गेलं.

अक्का सांगत होती, बस डेपोतून रिटायर झाल्यापासून तुम्ही घरातच बसून असता, बीपी चढलंय. गोळी घेताय न्हवं?

अप्पा, तुम्हीपण एकदम थांबू नका, मल्लाप्पाकाकांच्या गॅरेजात सकाळी तासभर जात जावा की.

तुमची,
दीक्षा