गाळखान्याचा वास

१२ मार्च

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तू चार दिवस राहून गेलास त्याला आठवडा झाला. अभ्रा दोनदा धुतला, उशी उन्हात टाकली, तरी खोलीत लसणाचा भपकारा आहेच. एवढा लसूण चापतोस तर निदान चूळ तरी भर, असं मी तुला तोंडावर म्हटलं होतं. तू नुसता हसलास. काल वाचनालयात धातूंवरचं जाडजूड पुस्तक काढलं आणि मान खाली गेली. तुमच्या तांब्याच्या कारखान्यातल्या गाळात म्हणे टेल्युरियम असतं. त्याची धूळ अंगात गेली की श्वासाला, घामाला कित्येक दिवस लसणासारखा वास मारतो. आता मला किळस येते ती तुझी नाही, तुला हे हुंगायला लावणाऱ्यांची. तिथे काय चाललंय ते खरं लिही. हसण्यावारी नेलंस तर कान उपटीन.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कान वाचवायला सगळं लिहितो. अशुद्ध तांब्याच्या लाद्या आम्लाच्या टाकीत टांगून वीज सोडतात. चोख तांबं समोरच्या पत्र्यावर चढतं, बाकीचं तळाशी बसतं. काळा, बुळबुळीत गाळ. तो आम्ही सात जण उपसतो, वाळवतो, चाळतो. नाकाला आपलं फडकं. गाळात सोनं-चांदी असते, म्हणून सुटताना कपडे उतरवून झडती होते, नखांत ब्रश घालतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा गाळून ठेवतात. नखातला कण त्यांचा, छातीतला आमचा! तुझी भावजय दुसऱ्या खोलीत झोपते. लेक पापा देताना श्वास रोखते.

कारखान्याच्या डॉक्टरानं ‘आहारदोष’ लिहिला. आता साहेब म्हणतो, वास आमच्या खाण्याचाच आहे असं सगळ्यांनी लिहून द्या. मी मुकादम. मी सही केली की बाकीचे करतील. मला स्वच्छ वजनकाट्यावर बदली कबूल केलीय. ते सहा जण मात्र गाळातच. ताई, मला तिथून सुटायचंय गं. काय करू?

तुझा,
धाकटोबा

२३ मार्च

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

गाळाला मी घाण म्हणणार नाही, तो बिचारा खोटं बोलत नाही. घाण आहे तो कागद! माणसाला विष हुंगवायचं आणि त्याच्याच ताटावर आळ घ्यायचा, याहून ओंगळ काय असेल? सुटावंसं वाटण्यात पाप नाही. सहा जणांना पुरून सुटण्यात आहे. पण भाषण पुरे. माझ्या छातीत ती धूळ नाही, म्हणून मला बोलणं सोपं. नोकरी गेली तर तिघंही इकडे या. उशी तीच देईन.

माया तुटायची नाही, हे धरून चाल.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल साहेबानं सातही जणांना खोलीत बोलावलं. आम्ही शिरताच त्यानं खिडक्या उघडायला लावल्या, नाकाला रुमाल लावला आणि कागद पुढे सरकवला. आमच्यातले सगळ्यात वडील, त्यांना आम्ही आजोबा म्हणतो, पुटपुटले की पोटाला सोसत नाही म्हणून आपण वीस वर्षांत लसूण चाखलेला नाही. सगळे हसले. खोटं कशाला सांगू, माझं पेन कागदाला टेकलं होतं. मग मी साहेबाला एकदा गाळखान्यात यायची विनंती केली. त्या उकिरड्यात पाऊल टाकणार नाही, असं तो रुमालाआडून म्हणाला.

मी मजकुराखाली लिहिलं, की वरील सर्व खोटं आहे, हा कागद साहेबांनी नाक दाबून आमच्यापुढे ठेवला आणि गाळखान्यात यायला ते तयार नाहीत. खाली सात सह्या ठोकल्या. तशीच दुसरी प्रत करून आजोबांनी ती सरकारी तपासनिसाला पोचवली.

बदली अर्थातच गेली. आज सकाळपासून आम्ही टाक्यांशेजारी हाताची घडी घालून उभे आहोत. धड मुखवटे येईपर्यंत कुणी फावड्याला हात लावणार नाही. तोवर त्यांचं सोनं तळाशीच बसेल.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझा,
धाकटोबा