जुन्या फांदीवरचा गुलाब

ठाकूरद्वार

चि. सुरुचीस,

आईच्या वेलगुलाबाला कळ्या आल्यात, असं मी तुला फोनवर सांगितलं ते खोटं आहे. ऑक्टोबरात कुंडीतल्या गुलाबांसारखा तोही छाटला, हातभर खोड ठेवून. तिच्यामागे एवढं तरी नीट करावं, असं वाटलं. शेजारचे प्रधानकाका बघून म्हणाले, "अहो, विचारायचंत तरी! हा जुन्या फांदीवरच फुलतो. वहिनी कोणाला कात्री लावू द्यायच्या नाहीत." तीस वर्षं मी त्याच्याच शेजारी पेपर वाचत बसलो आणि मला हे माहीत नव्हतं.

तू म्हणालीस, "बाबा, वर्षश्राद्धाला फोटोला त्याचाच हार. बाजारचा नको." पुढच्या महिन्यात वाडी पाडणार, म्हणजे हा त्याचा शेवटचा बहर होता.

हे पत्र तिकडे पोचण्याआधी परवा तूच इथे पोचशील, म्हणून लिहायचं धाडस होतंय. आज दादरहून गुलाब आणले आणि दोऱ्याने फांद्यांना बांधून पाहिले. लांबून खरे वाटतात. पण तू आल्याआल्या डोळे मिटून वास घेशील, आईसारखाच. यांना वासच नाही गं.

तुझा,
बाबा