तोरणाखाली स्वातीची झडती

पोळा, सांजवेळ

माह्या नातीच्या, स्वातीच्या, रॉक बँडचं गाणं आता टीव्हीवर वाजते. पण मले धाकधूक गावच्या तोरणाची होती, जिथं पोळ्याले बैलं जमतात. मागच्या पोळ्याले ती तिथं झडती, म्हणजे पोळ्याचं टोमण्याचं कवन, म्हणायले गेली, तं पाटील म्हणे, "पोरी झडत्या नाही म्हणत, घरी जा!"

आज बैलं रांगेत उभे, अन् पोरं तिचंच गाणं ओरडून राहिले. पाटलानंच माइक पुढं केला. कोणतं तोंड घेऊन केला असन? "म्हण बाई, तू तं गावाची शान!"

स्वातीनं माह्याकडं पाहिलं. म्या म्हटलं, "झडतीत मोठ्याले टोमणा मारायची रीत हाय. रीत मोडू नको."

तिनं पाटलावरच झडती म्हटली! तोरण तुटून बैलं उधळायच्या आधी माणसंच हासून उधळले. पाटीलही हासला. हासला नसता, तं दुसरी मी म्हटली असती.